देवळी बुजवण्याआधी विचारायचं तरी होतं

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सभासद, यात्रा कमिटी,
तसंच
सर्व विश्वस्त, मुस्लिम जमात

सप्रेम नमस्कार, आणि सलाम.

गावाचं नाव वर लिहिलेलं नाही. बदनामी व्हावी अशी इच्छा नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींत कळेलच. दोघांना मिळून एकच पत्र लिहितोय, याचाही राग धरू नका. दोन वेगळी लिहिणार होतो. कमिटीचं लिहायला बसलो आणि दुसऱ्या पानावर लक्षात आलं की हाच मजकूर पुढं जमातीला लिहायचाय, मायना तेवढा बदलायचा. मग कागद कशाला वाया घालवा.

माझं नाव पिराजी. वय ६४. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. आईची माझ्या आधीची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथ्या वेळी तिनं टेकडीवरच्या दर्ग्यात जाऊन बाबांच्या पायरीवर पदर पसरला. मी जगलो, म्हणून पिराजी. पाच वर्षांचा होईपर्यंत दर मोहरमला मला फकीर करायचे: गळ्यात सैली, खांद्याला झोळी, आणि पाच घरं मागून आणलेल्या पिठाची भाकरी. पाठचा भाऊ मारुतीच्या नवसाचा, म्हणून त्याचं नाव मारुती. आईच्या लेखी यात काही विशेष नव्हतं. ज्याच्याकडं मागितलं त्याचं नाव ठेवायचं, एवढा सरळ व्यवहार.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन पोरं मला भेटली. एक कमिटीतलं. स्टँडवर चहा पिताना हसत म्हणालं, "तात्या, नाव तेवढं बदलून घ्या आता. गॅझेटचा फॉर्म मी भरून देतो." दुसरं जमातीतलं, शहरात नोकरी करणारं, बोलायला फार अदबीचं. ते म्हणालं, "काका, मजारीपुढं असं हात जोडू नका. आमच्यात ते चालत नाही. खरं तर तुमचं नावसुद्धा बरोबर नाही." दोघांनाही मी लहानपणी मांडीवर घेऊन कुस्त्या दाखवल्या आहेत. दोघांनाही माझं नाव चुकीचं वाटतं. गावात सध्या या दोन पोरांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहे.

म्हणून हे पत्र.

होळीच्या आधी मारुतीच्या देवळात कमिटीची बैठक झाली. मी होतो, मागं खांबाला टेकून. यंदाच्या यात्रेत दुकानाची जागा फक्त हिंदूंना द्यायची, त्यासाठी आधार कार्ड बघायचं, असं ठरलं. पत्रिकेतून 'ऊरूस' हा शब्द काढायचा असं ठरलं. पालखी टेकडीच्या पायथ्यापासनंच माघारी फिरवायची, वर न्यायची नाही, असंही ठरलं. आणि कंदुरीला, म्हणजे बाबांच्या नावाचं बकरं कापायला, गावचा मुलाणी नको, तालुक्यावरनं माणूस आणू, हे कुणीतरी मागनं सुचवलं आणि तेही वहीत गेलं.

मी काही बोललो नाही. हे आधी कबूल करतो. आत येताना वही फिरत होती, हजेरीची म्हणून सही केली होती. नंतर बघितलं तर त्या सह्यांच्या वरच्या रिकाम्या जागेत ठराव लिहिलेला. म्हणजे आज ठरावाखाली माझी सही आहे. पिराजी नावाची.

जमातीची बैठक मी पाहिली नाही, पण तिचा निकाल पाहिला.

दर गुरुवारी दिवेलागणीला आमच्या घरनं बुधलीभर तेल टेकडीवर जातं. आजी न्यायची, मग आई, आता मी नेतो. दर्ग्याच्या दाराच्या डाव्या अंगाला भिंतीत एक देवळी होती. कमानीची, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी. आत पणतीच्या बुडाचा गोल खड्डा पडलेला, आणि काजळी इतकी की बोट लावलं तर दोन दिवस निघत नसे. खालच्या कडेवरनं तेल ओघळून भिंतीवर एक काळी जीभ तयार झाली होती, वीतभर लांब. किती वर्षांची ती मला माहीत नाही. मी पाच वर्षांचा असताना ती माझ्या कपाळाच्या उंचीला होती एवढं आठवतं, कारण आई तिथलीच काजळी बोटावर घेऊन माझ्या गालाला लावायची.

होळीनंतरच्या गुरुवारी गेलो तर तिथं पांढऱ्या फरश्या. स्वच्छ. मधल्या फटीत सिमेंट अजून ओलं होतं. वर पाटी: इथं दिवा, अगरबत्ती लावू नये, नारळ फोडू नये. मुजावर चाचा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "पोरांनी केलं. मला विचारलं न्हाई." मी बुधली त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती घेतली, आणि मग आम्ही दोघं म्हातारे ती मधे ठेवून बसून राहिलो. तिचं करायचं काय ते त्यांनाही कळेना, मलाही.

आता एकेक सांगतो.

कमिटीला आधी. चिंचेखाली बसणारी मणेर चाची तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्या जणांच्या बायकांना नवी नवरी म्हणून आल्यावर पहिल्या यात्रेत तिनंच चुडा भरलाय. हात दाबून, कोपरानं अंदाज घेऊन, बांगडी न पिचवता चढवायची तिची जी पद्धत आहे ती मशीनला जमायची नाही. चुडा भरून झाला की ती तांदळाचे चार दाणे नवरीच्या ओटीत टाकते आणि नवरी तिच्या पाया पडते. माझी मुलगी पडली होती. होळीच्या दिवशी चाची आमच्या दारात आली, आत आली नाही. विचारलं, "भाऊ, यंदा येऊ का नको?" ३१ वर्षं लोकांना गाडीत जागा आहे की नाही ते सांगत आलो, पण हिला काय सांगू ते सुचेना. "बघतो," म्हणालो. म्हणजे खोटंच.

तुमचं म्हणणं असं, की ज्यांची श्रद्धा नाही त्यांनी आमच्या यात्रेत धंदा कशाला करावा. ठीक. मग पाळणेवाल्याची श्रद्धा तपासा. आइस्क्रीमची गाडी दरवर्षी लांबनं येते, तिच्या मालकाला बाबांचं नावही माहीत नाही. तमाशाच्या फडाची श्रद्धा काय ते मी बोलत नाही. श्रद्धा तपासायचीच तर ती सगळ्यांची तपासा, आणि आधार कार्डावर ती कुठल्या रकान्यात लिहिलेली असते तेही मला दाखवा.

बैठकीत मढीचं उदाहरण निघालं होतं. "मढीनं केलं, मग आपण का नको?" २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगर जिल्ह्यात मढीच्या ग्रामसभेनं तसा ठराव केला होता हे खरं. पण बाहेरचे व्यापारी गावाचं महिन्याचं व्रत पाळत नाहीत, असं कारण तरी त्यांनी दिलं होतं. आपल्या वहीत कारणच नाही. आणि प्रशासनानं तो ठराव रद्द ठरवला होता, हे सांगायला बोलणारा विसरला. मढीला ज्यांना कानिफनाथ म्हणतात त्यांनाच दुसरे लोक शाह रमजान म्हणून नमस्कार करतात. आपल्या बाबांसारखंच. आपल्याकडंही कुणी सिद्ध म्हणतं, कुणी पीर. खाली पुरलेला माणूस कोण होता, नाथपंथी का सूफी, हे शोधायला अभ्यासक बसलेत, बसू देत. ज्यांचं पोर तापानं फणफणलेलं असायचं त्यांनी कधी विचारलं नाही. तापाला घाई असते.

शिवाय ज्या जागेवर दुकानं लागतात ते गायरान आहे, कमिटीचं नाही. पावती ग्रामपंचायत फाडते. घटनेचं कलम १५ धर्मावरून भेद करायला मनाई करतं, कलम १९ कुठल्याही नागरिकाला धंदा करायची मोकळीक देतं. मी वकील नाही, पण ३१ वर्षं सरकारी पावत्या फाडल्यात. पावतीच्या मागं कायदा असतो एवढं मला कळतं.

कंदुरीचं ऐकून मात्र मला हसू आलं. बकरं बाबांच्या नावाचं, सुरी मुलाण्याची, पहिलं ताट फातिहाला, मग गाव जेवणार. ही कंदुरी. यातला मुलाणी काढला की उरते ती मटणाची जेवणावळ. ती शेताच्या बांधावर करा, कुणाची हरकत नाही. मुलाणी हा गावगाड्यातला बलुतेदार. त्याला तालुक्यावरनं बदली माणूस कसा चालेल? कुंभार नको म्हणून घट बाजारातनं आणलात तरी एकवेळ चालेल, पण हे म्हणजे लग्नाला मामा भाड्यानं आणल्यासारखं आहे.

आता जमातीला. तुमच्या पोरांनी मोठ्या शहरांत जाऊन बयानं ऐकली, पुस्तकं वाचली. मजारीपुढं झुकणं इस्लामला धरून नाही असं त्यांना मनापासून वाटतं. वाटू द्या. मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. तुमच्यातल्या कुणी हात जोडू नयेत, मलिदा खाऊ नये, गुलाल लावून घेऊ नये, हा तुमचा प्रश्न. पण ती देवळी तुमच्या एकट्यांची नव्हती. तिच्यातली काजळी आमच्या तेलाची होती. तुम्ही नमाज पढता त्या जागेत मी कधी पणती लावली नाही, लावणार नाही. दाराबाहेरच्या भिंतीतलं हातभर भोक, तेवढंच आमचं होतं. ते बुजवताना एक निरोप तरी धाडायचा. मी स्वतः येऊन पणती उचलली असती.

तुम्ही म्हणाल, कमिटीनं आधी सुरुवात केली. कमिटी म्हणते, जमातीनं. तारखा मी तपासल्या. चार दिवसांचा फरक आहे. कोण आधी ते मी इथं लिहिणार नाही, कारण ते लिहिलं की पत्रातलं बाकी काहीच कुणी वाचणार नाही.

दोघांनाही २०१९ चा ऑगस्ट आठवतो का? कृष्णा गावात शिरली. मारुतीच्या देवळात छातीएवढं पाणी. अख्खं गाव टेकडीवर, दर्ग्याच्या आवारात. खजिनदारांच्या दोन म्हशी मुजावरांच्या पडवीत बांधल्या होत्या. सप्ताहाच्या पोथ्या देवळातनं काढल्या त्या भिजत चाललेल्या, वर पाऊस. ठेवायच्या कुठं? मुजावर चाचीनं लोखंडी पेटीतनं दोन जुने गलेफ, म्हणजे मजारीवर घालायच्या चादरी, काढले, हिरवे, जरीच्या काठाचे. त्यात ज्ञानेश्वरीच्या आणि गाथेच्या प्रती गुंडाळल्या आणि मजारीच्या उशाशी, सगळ्यात उंच जागेवर ठेवल्या. पाणी उतरेपर्यंत त्या तिथंच होत्या. कीर्तनकार बुवा रोज संध्याकाळी तिथं जाऊन हात लावून बघायचे, ओल लागली का. काठाला जरा लागलीच. त्यांच्या पानांच्या कडा अजून फुगलेल्या आहेत. यंदाच्या सप्ताहातही त्याच प्रती वाचल्या. मंडपाच्या दारात कमान होती आणि कमानीवर अक्षरं होती: भेदाभेद भ्रम अमंगळ. फ्लेक्सचे पैसे कमिटीनं दिले होते. ती कमान उतरवायच्या आत ठराव झाला.

मी काही सगळे धर्म एकच आहेत असं म्हणत नाही. एवढं मोठं बोलायला माझा अभ्यास नाही, आणि खरं सांगायचं तर ते एक नाहीतच. माझी बायको माळकरी आहे. कंदुरीच्या दिवशी ती टेकडीकडं बघतसुद्धा नाही. घरी वरणभात करून खाते, आम्ही जेवून आल्यावर आंघोळ करायला लावते. पण गुरुवारची बुधली तीच भरते, आणि वात तीच वळून देते. मणेर चाचीही आमच्याकडं दिवाळीला आली तर फराळ खाते, सत्यनारायणाचा प्रसाद मात्र पदरात बांधून नेते. पुढं तिचं ती बघते, आम्ही विचारत नाही. कुणी कुणाचं खावं, कुणापुढं झुकावं, याच्या रेघा आपल्या गावात कायम होत्या. त्या रेघा ओलांडून कुणी भांडत नव्हतं, कारण रेघेपलीकडचा माणूस आपला होता. आता तुम्ही दोघं म्हणताय, रेघ तर राहील, पण पलीकडं कुणी नको.

काही जण मला म्हणतील, म्हातारा जुन्या आठवणी उगाळतोय, जुना काळ काही एवढा गोडही नव्हता. बरोबर आहे, नव्हता. टेकडीवरच्या आडावर महारवाड्यातल्या बायकांना घागर लावू देत नव्हते, हे माझ्या आजीनं पाहिलेलं. तेव्हा पाणी वाढणारे हिंदूही होते आणि मुसलमानही. मोहरमच्या सवारीपुढं कुणी नाचायचं यावरून एकदा काठ्या निघाल्या होत्या. मी ते दिवस परत आणा म्हणत नाही. त्यातलं जे वाईट होतं ते आपण मिळून मोडलं. जे चांगलं होतं ते वेगवेगळे बसून कशाला मोडताय, एवढंच विचारतोय.

माझा इतिहास बसच्या खिडकीतला. यात्रा स्पेशलला ड्युटी लागायची. नवसाचं माणूस मला लगेच ओळखू यायचं: नारळाची पिशवी मांडीवर धरतं, कितीही गर्दी असली तरी खाली ठेवत नाही. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरांच्या ऊरुसाला ती पिशवी धरलेल्या बायांच्या कपाळावर कुंकू असायचं. तिथं पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर त्याच आवारात, आणि ऊरुसात त्यांच्या नावानं गाणं चालतं. मी दोनदा गाडी डेपोत लावून ऐकायला गेलोय. काही कळलं नाही, पण उठवेना. कडेगावला मोहरमला उंच ताबुतांच्या भेटी होतात, त्यातले काही ताबूत हिंदू घराण्यांच्या मानाचे. मोहरम आणि गणपती एकत्र आले की कुरुंदवाडच्या मशिदींत गणपती बसतो. गोटखिंडीलाही मशिदीत बसतो. ही काय लांबची गावं नाहीत, तिकीट काढलं की दुपारपर्यंत पोचता.

रिटायर झाल्यावर वारीला गेलो. देहूहून तुकोबांची पालखी निघाली की पहिली थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी. तिथं आरती होते, मग पुढं पंढरीकडं. एवढी मोठी पालखी, एवढे वारकरी, आणि पहिला विसावा फकिराच्या दारात. आणि आपली दीड किलोमीटरची पालखी टेकडीच्या चाळीस पायऱ्या चढायची नाही म्हणते.

शिवाजी महाराजांचं नाव बैठकीत पाच वेळा घेतलं गेलं, म्हणून लिहितो. कृष्णाजी अनंत सभासदानं राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली. तिच्यात आहे, की महाराजांनी मुलखातल्या देवस्थानांची दिवाबत्ती, नैवेद्य चालवले, आणि मुसलमानांचे पीर, मशिदी यांचीही दिवाबत्ती, नैवेद्य स्थान पाहून चालवले. दिवाबत्ती हा शब्द तिथं आहे. जमातीनंही तो वाचावा. महाराजांच्या आजोबांनी, मालोजीराजांनी, नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. म्हणजे गॅझेटचा फॉर्म घेऊन फिरणाऱ्या पोराला फार मागं जावं लागेल.

श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले, मराठीत ओव्या-अभंग लिहिले, आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हटलं. एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांचं भांडण चारशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. त्यात दोघंही एकमेकांच्या देवाधर्माला यथेच्छ नावं ठेवतात, काही बाकी ठेवत नाहीत, आणि शेवटी एकमेकांना भेटतात. भांडण झालंच नाही असं नाथ दाखवत नाहीत, हे मला त्यात आवडतं. भांडायला तरी दोघं एका जागी लागतात ना.

हे सगळं तुम्हाला माहीत नाही असं नाही. अध्यक्षांनी स्वतः दोन वर्षांपूर्वी ऊरुसाला गलेफ चढवलाय, फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. तो मी कुठं टाकणार नाही. मोबाईलनं काय होतं ते मी पाहिलंय. २०२३ च्या सप्टेंबरात पुसेसावळीत एका पोस्टवरनं दंगल झाली, माणूस गेला. त्या गावचा स्टँड मला पाठ आहे, कुठल्या दुकानापुढं गाडी वळवायची तेसुद्धा. पुढच्या वर्षी जुलैत विशाळगडाखाली गजापुरात घरं फोडली, मशीद फोडली. ज्या गावांतनं मी टपाल आणि दुधाचे कॅन नेले त्या गावांची नावं टीव्हीवर अशा कारणानं ऐकताना माणसाला कसं वाटतं, ते एकदा बसून सांगेन. तिथंही सुरुवात अशीच कुठल्यातरी वहीत, कुठल्यातरी ग्रुपवर झाली असणार. आपल्याकडं अजून दगड उचललेला नाही. आत्ता बोललेलं बरं.

मागण्या लिहितो. तोंडी सांगितलं तर कमिटीत एक अर्थ होतो, जमातीत दुसरा.

एक. दुकानांचा ठराव कमिटीनं लेखी मागं घ्यावा. जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, ग्रामपंचायतीच्या पावतीवर. चिंचेखालची जागा चाचीची. त्यावर चिठ्ठी नको. आणि तिला निरोप घेऊन अध्यक्षांनी स्वतः जावं. मी नाही जाणार, मी "बघतो" म्हणून आलोय.

दोन. ठराव मागं घ्यायचा नसेल तर माझी सही त्याखालून काढावी, किंवा तिच्यापुढं 'फक्त हजेरी, ठरावास विरोध' असं लिहावं. त्याच वहीत, त्याच पानावर. तशा अजून कुणाकुणाच्या सह्या आहेत ते त्यांनी बघावं.

तीन. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही. 'यात्रा व ऊरूस' असंच छापावं. १९८७ ची पत्रिका माझ्या ट्रंकेत आहे, नमुना म्हणून देतो. त्यात रात्री ९ ला संदल, सकाळी पालखी, दुपारी कुस्त्यांचं जंगी मैदान, सगळं एकाखाली एक आहे. छपाईच्या चुका पण भरपूर आहेत, त्या तेवढ्या सुधारून घ्या.

चार. पालखी वर जावी. ज्यांना वर जायचं नाही ते पायथ्याला थांबतील, सरबत तिथंच असतं. कंदुरीचंही तेच: ज्याला नको त्यानं येऊ नये. आमच्या घरात हे चाळीस वर्षं चाललंय, मोडलं नाही.

पाच. जमातीनं देवळी उघडावी. भिंतीतला दिवा खरोखरच मनाला पटत नसेल तर तसं समोर येऊन सांगावं, आणि पायऱ्यांपाशी, आवाराच्या बाहेर, एक लहान दिवठाण बांधू द्यावं. दगड मी आणतो, गवंड्याची मजुरी मी देतो. तुमच्या फरशीचे पैसेही देतो, कुणाचा खर्च वाया नको. पण ते बांधून होईपर्यंत पाटी काढावी.

सहा. दोघांची एक बैठक व्हावी. देवळात नको, दर्ग्यातही नको, शाळेच्या पटांगणात. बायकांना बोलवा. तेल त्या देतात, चुडा त्यांचा, मलिदा त्यांचा, पुरात पोथ्या बांधल्या त्यांनी. आणि आजवर दोन्ही वह्यांत त्यांची एकही सही नाही.

उत्तर लेखी मिळावं ही विनंती. नाही मिळालं तरी मी कुठं तक्रार करणार नाही, कोर्टात जाणार नाही, टीव्हीवाल्यांना तर मुळीच बोलावणार नाही. येत्या गुरुवारी दिवेलागणीला नेहमीसारखी बुधली घेऊन वर येतोय. देवळी बंद असेल तर पणती पायरीवर ठेवीन. या दिवसांत टेकडीवर वारा फार असतो, उघड्यावर वात टिकत नाही. कमिटीतलं एक आणि जमातीतलं एक, दोन माणसं जरा आडोशाला उभी राहिली तर बरं होईल.

आपला,
पिराजी
(निवृत्त वाहक, एसटी)